एकटीनं उचललेलं टोपलं

सरकीचं भरलेलं टोपलं कोणतीच बाई एकटी डोक्यावर घेत नाही. कापसाचं वेगळं. कापूस फुगीर, टोपलं ओसंडून वाहिलं तरी मान मोडत नाही. पण रेच्यातून, बी वेगळं करायच्या यंत्रातून, रुई एकीकडे निघून जाते आणि खाली जे बी उरतं ती सरकी. ती गच्च बसते. टोपलं जमिनीला खिळल्यासारखं होतं. म्हणून अकोल्याच्या जिनात, रेच्यांच्या त्या कारखान्यात, बायका दोघी-दोघीनं राबत. एक वाकली की दुसरी समोरून वाकायची. "लाव वं हात," एवढंच बोलणं. दोघींनी मिळून टोपलं वर न्यायचं, चुंबळीवर बसवायचं. पहिली गंजीवर सरकी ओतून परत आली की तिनं दुसरीला हात लावायचा. सकाळच्या भोंग्यापासून संध्याकाळच्या भोंग्यापर्यंत हेच.

माझी मोठी बहीण त्या जिनात किती हंगाम गेली, मला सांगता येणार नाही. आमच्याकडे मोठ्या बहिणीला बाई म्हणतात. मायबाप गेले तेव्हा मी रांगत होतो. बाईचा नवरा लग्नानंतर लवकरच गेला, ती भातकुलीला माहेरी परत आली आणि मला कडेवर घेऊन अकोल्याला पोट भरायला निघाली. तिनं दुसरं घर केलं नाही. माझ्यापायी केलं नाही, असं लोक म्हणत. तिनं कधी म्हटलं नाही.

जिनात बायका एकमेकींना नावानं हाक मारत नसत, माहेरच्या गावानं मारत. बाई भातकुलीवाली. तिच्यासमोर वाकणारी ती अंजनगाववाली. उंच, हाडापेरानं रुंद, आणि हसली की रेच्यांच्या घडघडाटातही ऐकू जायची. त्या आवाजात दुसरं काहीच ऐकू येत नसे, म्हणून या दोघी ओठांवरून बोलणं ओळखायला शिकल्या होत्या. सासू, सून, स्वप्नं, दुखणी, सगळं ओठांवरून. भाकर सोडायच्या वेळी मात्र अंजनगाववाली विहिरीच्या पलीकडे बसायची आणि बाई अलीकडे. तशी रीत होती. टोपल्याला विटाळ नव्हता, भाकरीला होता. बोलणं विहिरीवरून चालूच.

मग आम्ही बौद्ध झालो. बाईनं घरातले देव एका फडक्यात बांधले आणि मोर्णा नदीत सोडून आली. येताना तिची मान अशी ताठ होती की मी तिला तशी आधी पाहिली नव्हती. आमच्या वस्तीनं गावकीची जुनी कामं टाकली आणि ज्यांना ती फुकटात करून हवी असत त्यांना राग आला. अंजनगाववालीच्या आळीत बसून ठरलं म्हणे, की यांच्याशी आता संबंध नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाईनं टोपलं भरलं, वाकली आणि म्हणाली, "लाव वं हात."

अंजनगाववाली पदर खोचून उभीच राहिली. "मी तिकडच्या रेच्यावर लागली आजपासून."

"काहून?"

"आळीत बोलले सगये. दीर बोलले. तुले मालूम नाही काय?"

"देवाचं मालूम हाय मले. पण हाताचं काय झालं?"

अंजनगाववाली वळली आणि तिकडे गेली. आमच्या वस्तीतल्या त्या जिनात आणखी दोघीच होत्या, त्या एकमेकींच्या सोबतीच्या. त्या धावून येत, बाईला हात लावत, पण तेवढ्यात त्यांचा रेचा तुंबायचा आणि मुकादम ओरडायचा. होळीच्या सुमारास हंगाम संपला तेव्हा मुकादमानं बाईला सांगितलं, "भातकुलीवाली, वय झालं तुहं. दिवाळीनंतर येशील तर एकटीनं टोपलं उचलून दाखव. नाही तं घरी बस."

घरी येऊन तिनं हे सांगितलं तेव्हा मी सदरा चढवला. मी कापसाच्या प्रेसमध्ये रुईच्या गाठी ओढणारा हमाल, खांदे असे की दारातून आडवं व्हावं लागे. मुकादमाला उचलून गंजीत खोचायचं माझ्या मनात होतं.

"बस खाली," बाई म्हणाली.

"मंग तू घरी राहाय. मी कमावतो ना!"

"तुले म्या भाकर कुस्करून चारली हाय रे. आता तुया भाकरीवर बसू?"

"दुसऱ्या जिनात जाय. अकोल्यात काय एकच जिन हाय?"

"त्याच जिनात जायचं हाय मले." मग थोड्या वेळानं, चुलीकडे तोंड करून, "ती येईन. आळीतले किती दिवस रागावतीन? मी तथी असली पाहिजे ना ती येईन तवा."

म्हणजे गोष्ट अशी होती. दिवाळीपर्यंत तिला एकटीनं टोपलं उचलता यायला हवं, नाही तर जिन गेलं, आणि जिन गेलं की अंजनगाववाली गेली.

पन्नाशी तिनं ओलांडलीच असेल, जन्मतारीख कोणी लिहून ठेवली होती? उजवा हात कानाच्या वर जात नव्हता. जमिनीवरून उठताना एक हात भुईला, एक गुडघ्याला, आणि तोंडातून "आई गं". घरातलं जातं गिरणी आल्यापासून कोपऱ्यात पडलेलं. अंगाचं मास हळूहळू उतरत होतं, बायकांचं या वयात उतरतंच. लोक म्हणतात वय झालं आणि सोडून देतात.

मला दुसरीपुढची शाळा माहीत नाही, पण अंग माहीत आहे. तरणेपणी मी अमरावतीच्या कापूस बाजारात हमाली करायचो आणि एका मोहल्ल्याच्या आखाड्यात मेहनत करायचो. तिथल्या वस्तादांना विचारायला मी गाडी पकडून अमरावतीला गेलो. आखाड्यात बाईमाणसाचं पाऊल पडू नये हा त्यांचा नियम. माझं ऐकून ते हसले.

"बाईचं अंग मेहनतीसाठी नसते गा."

"वस्ताद, मंग ते सरकी उचलाले कसं चालते?"

ते लाल माती हातात घेऊन चोळत राहिले. मग म्हणाले, "पाठीनं उचलू देऊ नोको. मांडीनं उचलू दे. अन् तिच्या अंगाले पाहून शिकव, तुया अंगाले पाहून नोको."

एवढंच घेऊन परत आलो. एवढंच पुरलं.

पहिले तर ओझं नाहीच. खाटेवर बसायचं, हात छातीशी घ्यायचे, आणि भुईला, गुडघ्याला, कशालाही न शिवता उभं राहायचं. ते जमल्यावर खाटेऐवजी उलटं घमेलं. मग पाट. मग नुसती जमीन. हातासाठी मी अंगणातल्या निंबाच्या फांदीवरून दोर टाकला. डाव्या हातानं ओढायचा की उजवा आपोआप वर जातो. दुखलं की थांबायचं, दुसऱ्या दिवशी बोटभर पुढं. उखळ-मुसळ पुन्हा बाहेर काढलं. मुसळ वर जितकं जाईल तितका खांदा मोकळा. कामावर जायच्या आधी रोज सकाळी मी तिच्यासमोर उकिडवा बसून पाहायचो, कुठला गुडघा आत वळतो, कुठं श्वास अडकतो. माझ्यासारखी दणादण बैठक तिला सांगितली असती तर गुडघे गेले असते.

नळावरच्या बायकांना फुकटचा तमाशा झाला.

"काय हो पैलवान, बुढीसाठी लंगोट शिवला का नाही?"

मला राग यायचा. बाईला नाही. ती दोर सोडून कंबरेवर हात ठेवायची. "लंगोट कायले? नऊवारीचा कासोटा हाय ना. ये वं, तुलेच चितपट करतो आधी."

खुराकाचं भांडण रोजचं. आखाड्यात दूध-बदाम सांगतात, आमच्याकडे बदाम कुठून? भिजवलेले शेंगदाणे, गुळाचा खडा, तुरीच्या घुगऱ्या, जमलं तर अंडं. बाई आपलं अंडं गुपचूप माझ्या ताटात सरकवायची. मी परत सरकवायचो. माझी बायको म्हणायची, "त्या अंड्यालेच घेरी येईन आता."

मग टोपलं आलं. आधी रिकामं. मग ज्वारीचं कुटार, हलका भुसा, भरून. मग थोडी सरकी, मग जास्त. पाय फाकून जवळ उभं राहायचं, टोपलं पोटाशी ओढायचं, बसायचं, मांडीच्या जोरावर उठायचं आणि त्याच दमात टोपलं मांडीवर घ्यायचं. तिथे एक श्वास. मग छातीवर, खांद्यावर, चुंबळीवर. मी तिला एक गोष्ट घोकून घेतली. मांडीवरचा श्वास घेतला की मग थांबायचं नाही. कोणी हाक मारली तरी नाही. अर्ध्यावर रेंगाळलेलं ओझं कंबरेत उतरतं आणि मग माणूस उठत नाही.

आता अमरावतीत माझी नातसून जिममध्ये जाते. सांगते, तिथला पोरगा प्रत्येकीचं अंग पाहून वेगळी मेहनत देतो, साठीतल्या बायकाही लोखंड उचलतात, हाडं पक्की राहतात. मी ऐकून घेतो. मला नवल वाटत नाही.

पावसाळा सरेस्तोवर बाई वेगळीच झाली होती. पाठ सरळ. दंडाला हात लावला तर कडक. रात्री पडली की सकाळपर्यंत झोप. नळावरच्या त्याच बायकांपैकी एक वयस्कर बाई हळूच येऊन म्हणाली, "भाऊ, माहे गुडघे पाहता काय जरासे?" मी पाहिले. पण माझं सगळं लक्ष दिवाळीकडे.

हंगामाच्या पहिल्या दिवशी मी प्रेसला दांडी मारून जिनाच्या फाटकाशी उभा राहिलो. मुकादमानं स्वतः टोपलं दाबून भरायला लावलं. सगळ्या बायका हात थांबवून पाहत होत्या. बाईनं कासोटा आवळला, पाय फाकले, बसली. टोपलं मांडीवर आलं. श्वास घेतला. मग छाती, खांदा, आणि एकदम ते चुंबळीवर होतं आणि बाई चालायला लागली होती. मी कुस्तीच्या फडात ओरडतात तसा ओरडलो. मुकादमानं पागोटं मागं सारलं. "मानलं बाई तुले."

त्या दिवशी मला छाती कमी पडत होती. संध्याकाळी बाई आली, हातपाय धुतले आणि भिंतीला टेकून बसली. मला वाटलं थकली.

"ती आली होती रे," म्हणाली.

"कोण?"

"अंजनगाववाली. मी वाकली तवा ती दोन पावलं पुढं आली होती. पदर खोचला होता तिनं. दोन्ही हात मोकये केले होते. मी मांडीवर घेतलं अन् ती तथीच थांबली."

"मंग तू थांबाचं होतं."

"कशी थांबू? तूच सांगतलं ना, श्वास घेतला का थांबाचं नाही."

मी जे शिकवलं ते बरोबरच शिकवलं. आजही तेच शिकवीन. ती थांबली असती तर कंबरेतून गेली असती, हे मी तिलाही सांगितलं. ती म्हणाली, "हाव." आणि जेवली नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं टोपलं भरून अंजनगाववालीला हाक दिली, "लाव वं हात." अंजनगाववाली हसली, पण ते तिचं रेच्यांवरून ऐकू जाणारं हसू नव्हतं. "तुले कायले लागते हात? पैलवानीण झाली तू." बाकीच्या फिदीफिदी. आणि गोष्ट तिथंच राहिली. जी बाई एकटी उचलते तिच्याकडे कोणत्या निमित्तानं जायचं? आळीला काय सांगायचं? हात लावायचं एक निमित्त होतं, तेही आता नव्हतं.

मग बाईनं जे केलं ते मला तिथल्या एका बाईकडून कळलं. ती टोपलं जास्त भरायला लागली. शिगेच्या वर, दाबून, आपल्याला उचलणार नाही इतकं. आणि त्याच्याशेजारी उभी राहून तिकडच्या रेच्याकडे पाहायची. अंजनगाववालीही पाहायची. ओठांवरून कोणी काही बोलायचं नाही. मग मुकादम ओरडला की बाई बसायची, मांडीवर घ्यायची, श्वास घ्यायची. आणि मी तिचं अंग असं बांधलं होतं की ते टोपलंही उठायचं. मुकादम खूश. बाई संध्याकाळी येऊन माझ्याकडे अशी पाहायची, जसं काही मी तिचं काही तरी हिसकून घेतलं.

असे काही हंगाम गेले. त्यातल्या शेवटच्या हंगामात अंजनगाववाली खचली. वय तेच, राबणं तेच, पण तिच्या अंगाकडे पाहणारं कोणी नव्हतं. बाई मला म्हणाली, "तिले शिकव ना."

"तिनं येऊन म्हणावं. शिकवतो."

"ती कशी येईन आपल्या वस्तीत?"

"मंग मी कसा जाऊ तिच्या आळीत?"

बाईनं पुन्हा विचारलं नाही. गंजीच्या उतारावर अंजनगाववालीचा पाय घसरला, मांडीचं हाड मोडलं. सासरच्यांनी तिला भावाकडे अंजनगाव सुर्जीला पोचवून दिलं. बाईनं तो हंगाम संपवला आणि पुढच्या दिवाळीला ती जिनात गेलीच नाही. निंबाचा दोर तसाच लोंबत राहिला. "उद्या करू," म्हणायची. मेहनत सुटली की या वयात अंग थांबत नाही, ते उताराला लागतं. दोन वर्षांत ती पुन्हा भुईला हात टेकायला लागली. मग हात टेकूनही उठेना. माझी बायको तिची वेणी घालायची, कारण हात मागं जात नव्हता. मी समोर घमेलं उलटं मांडून बसायचो, चिडायचो, विनवायचो. ती भिंतीकडे तोंड करायची.

शेवटी मी एस.टी.त बसून अंजनगावला गेलो. मी कोणाच्या दारी कधी गेलेला माणूस नाही. पत्ता विचारत घर काढलं. भावजय दारात आली, मी कोण ते ऐकून तिनं मला ओसरीच्या खालीच उभं ठेवलं. आत खाटेवर अंजनगाववाली दिसत होती. ती रुंद हाडं तेवढी उरली होती. मी आलो होतो तिला न्यायला, निदान दोन दिवस, बैलगाडीनं, मोटारीनं, खांद्यावर घालूनही नेली असती. पाहिल्याबरोबर कळलं की ही कुठं येणार नाही.

तिनं मला ओळखलं. आवाज खोल गेला होता.

"भातकुलीवाली उचलते काय गा अजून? एकटी?"

भावजय ऐकत उभी होती. ओसरीवर आणखी दोन माणसं होती. माझी बाई भुईवरून उठत नाही, ही गोष्ट त्या दारात उभं राहून सांगण्यासारखी नव्हती.

"हाव," मी म्हणालो. "एकटी उचलते."

"मंग बरं हाय," म्हणाली आणि डोळे मिटले. मी पाणीही न पिता परत फिरलो. विचारलंही कोणी नव्हतं.

घरी बाई वाट पाहत बसली होती. "काय म्हणाली?"

"तुले इचारत होती."

"काय इचारत होती?"

"येशील काय म्हणून."

 दुसऱ्या दिवशी सकाळी मी तोंड धुऊन आत आलो, तर बाई खाटेवर सरळ बसलेली. हात छातीशी घेतलेले. "पाह्य, गुडघा आत वळते काय माहा," म्हणाली.

आणि आम्ही पुन्हा पहिल्यापासून लागलो. या वेळी सगळं हळू. एवढी हळू मेहनत मी कोणाकडून करून घेतली नव्हती. खाटेवरून अर्धं उठणं, परत बसणं. निंबाच्या दोराला नवी गाठ. अंडं तिनं स्वतः मागून खाल्लं. "मोटारीची पायरी उंच असते काय रे लय?" असं विचारायची. मी वीट मांडून पायरी करून दिली. एकदा माझी बायको म्हणाली, आता तर ही आपल्याआधी चढंल. बाई हसली.

त्या मधल्या काळातच प्रेसवर अंजनगावकडचा एक गाडीवान आला होता. बोलता बोलता मी विचारलं, तेव्हा त्यानं सांगितलं, की अंजनगाववाली वारली. बरेच दिवस झाले होते. मी त्याला चहा पाजला आणि गाठी ओढायला गेलो. घरी सांगितलं नाही. बायकोलाही नाही.

बाई विचारायची, "आता जाऊ काय?"

मी गुडघ्यावर हात ठेवून पाहायचो. वस्तादासारखं तोंड करायचो. "अजून कच्चा हाय. जरा दम धर."

ती मानायची. अंगाच्या बाबतीत तिनं माझा शब्द कधी खाली पडू दिला नाही. पुन्हा बसायची, पुन्हा उठायची.

मग एका सकाळी मी अंगणात दात घासत होतो. बाई ओट्यावर पाट न घेता, नुसत्या भुईवर बसली होती. तिनं मला हाक मारली, "पाह्य इकडे." हात छातीशी घेतले. आणि कशालाही न शिवता, तोंडातून आवाज न काढता, उभी राहिली. सरळ. जिनाच्या फाटकात पाहिली होती तशी. लुगड्याचा काठ थरथरत होता, गुडघे नाही.

"आता?" म्हणाली. "आता कच्चा हाय काय?"

मी जवळ गेलो, उकिडवा बसलो, दोन्ही गुडघ्यांना हात लावून पाहिले. दगडासारखे होते.

"हाव," मी म्हणालो. "कच्चा हाय अजून."

"बरं," म्हणाली, आणि पुन्हा खाली बसली.